वरणाचं पाणी नको, वरण द्या

मागच्या अंकात उष्टावणाबद्दल लिहिताना मी एवढंच म्हटलं होतं की सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध आणि त्यानंतर दुधासोबत घरचं मऊ अन्न. त्या दोन ओळींवर आलेल्या पत्रांनी या वेळचं पान भरलं आहे. आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढच्या वाड्यापाड्यांवर अंगणवाडीची मुख्यसेविका म्हणून काम केलं. आढ्याला टांगलेल्या वजनकाट्याच्या झोळीत बाळं घातली, काढली आणि त्यांच्या आयांच्या चुलीपाशी बसून खिमट ढवळलं. बाळ मलूल असेल, जुलाब-ताप असेल, तर पत्र पाठवून उत्तराची वाट बघू नका. आधी दवाखाना गाठा.

प्रश्न : काकू, माझी मुलगी साडेसात महिन्यांची आहे. उष्टावण झाल्यापासून सकाळी नाचणीची पातळ पेज, दुपारी वरणाचं पाणी आणि संध्याकाळी सफरचंदाचा रस देते. सगळं आवडीनं पिते. तरी सहा आठवड्यांत वजन जेमतेम १५० ग्रॅम वाढलं. सासूबाई म्हणतात, डाळीचा कस पाण्यात उतरतो, तेच बाळाला पचतं. माझं काय चुकतंय?
— एक आई, ठाणे

उत्तर : अगं, तूच लिहिलं आहेस, 'सगळं पिते'. दिवसातून तीनदा तू तिला पाजतेस, भरवत एकदाही नाहीस.

डाळीचा कस पाण्यात उतरत नाही. कुकरमधून डाळ काढली की वर जे निवळ पाणी येतं त्यात डाळीचा वास असतो, रंग असतो, थोडे क्षार असतात. अंगाला लागणारं बहुतेक सगळं खालच्या गाळात असतं. आणि तो दाट गाळ घोटून, फोडणी देऊन आपण मोठी माणसं खातो. ज्या जिवाला वाढायचं आहे त्याच्या वाटीला येतं वरचं पाणी. कोणी वाईट हेतूनं करत नाही गं, बाळाला त्रास होऊ नये म्हणूनच करतात. पण मी वजनाच्या तक्त्यांवर पाहिलेल्या सपाट रेघांपैकी कितीतरी रेघा या पाण्याच्या होत्या.

त्यातली एक माझ्या घरातली होती. थोरला मुलगा नऊ महिन्यांचा असताना मी दिवसभर दुसऱ्यांच्या बाळांची वजनं घेत हिंडायचे आणि घरी तो पेज आणि डाळीचं पाणी पीत होता. वाढीच्या तक्त्यावर त्याची रेघ दोन महिने हललीच नाही. वाडीवरच्या एका वयस्कर सेविकेनं माझ्या हातातली वाटी घेतली, चमचा भरला आणि तिरपा केला. सगळं जमिनीवर सांडलं. "बाई, चमच्यात थांबत नाही ते पोटात काय थांबणार?" एवढंच म्हणाली. पुढे प्रशिक्षणात जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत हीच खूण वाचली : अन्न इतकं दाट हवं की चमचा तिरपा केला तरी सहज ओघळू नये. तुझ्या स्वयंपाकघरात आजच ही परीक्षा करून बघ.

यामागचा हिशोब साधा आहे. बाळाचं पोट वजनाच्या दर किलोला सुमारे ३० मिली इतकंच मावून घेतं. साडेसात किलोच्या बाळाचं पोट म्हणजे एक मोठी वाटी. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज अन्नातून रोज साधारण २०० कॅलरी मिळाव्या लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५०. ती वाटी पाण्यानं भरली तर पोट भरतं, बाळ रडत नाही, आणि भूक भागली असं आपल्याला वाटतं.

खिमट असं कर. एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ वेगवेगळी धुऊन सावलीत फडक्यावर खडखडीत वाळव. मंद आचेवर वेगवेगळीच भाज, डाळीचा खमंग वास सुटेपर्यंत. चमचाभर जिरं भाजून त्यात घाल आणि मिक्सरवर बारीक रवा काढ. कोरड्या घट्ट डब्यात पंधरा दिवस चांगलं राहतं, म्हणून एकदम महिन्याचं करू नकोस. एका वेळेला दोन पोह्याचे चमचे रवा, दीड छोटी वाटी पाणी, चिमूटभर हळद. गुठळ्या न होऊ देता शिजव. शेवटी चहाचा चमचाभर साजूक तूप. तूप नसेल तर घरातलं तेल, तेही चालतं. या वाटीत साधारण १३० कॅलरी येतात आणि त्यातल्या ४५ एकट्या तुपाच्या. दोन वेळा अशी वाटी गेली की दिवसाची गरज भागते. एका दमात सगळं खाणार नाही, दोन-तीन चमच्यांनी सुरुवात कर आणि आठवड्या-दोन आठवड्यांत अर्ध्या मोठ्या वाटीवर ने. शिजताना त्यात लाल भोपळ्याची फोड, पालकाची चार पानं किंवा गाजर टाक आणि चमच्याच्या पाठीनं रगड. मिक्सरला लावून गुळगुळीत गंध करू नकोस. तिला जिभेवर काहीतरी लागू दे.

भरवण्याआधी चार थेंब लिंबू पिळ. डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह त्या आंबटपणामुळे अंगी लागतं. बाळ जन्मताना जी लोहाची शिदोरी घेऊन येतं ती सहाव्या महिन्याच्या आसपास संपत आलेली असते, आणि आईच्या दुधात लोह फार थोडं. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोह आणि फॉलिक ॲसिडचं सिरप देतात. आशाताईकडे किंवा आरोग्य केंद्रात माग, आपल्या बाळाला चालेल ना हे डॉक्टरांना विचारून सुरू कर.

सफरचंदाचा रस बंद. फळ द्यायचं तर केळं कुस्करून, पपई, चिकू, उकडलेलं सफरचंद. आणि तुझं दूध सुरूच ठेव, दोन वर्षं आणि पुढेही. या वयात महिन्याला साधारण ३०० ग्रॅम वाढ दिसायला हवी. महिनाभर असं भरवूनही काटा हलला नाही तर डॉक्टरांना दाखव.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. रवा भाजायचं काम त्यांनाच दे. त्यांच्या हाताला जो अंदाज आहे तो तुला यायला दहा वर्षं लागतील.

प्रश्न : आमच्याकडे नातवंडांना नागलीचं (म्हणजे नाचणीचं) सत्व करायची पद्धत आहे. नागली भिजवून वाटायची, फडक्यातून गाळायची, तळाला बसलेलं वाळवायचं. सून म्हणते, हे नको, मोड आणून पीठ करा. चार पिढ्या सत्वावर वाढल्या, मग आता त्यात काय खोट निघाली?
— एक आजी, अकोले तालुका

उत्तर : तुमचं पत्र आमच्या भागातलं, 'नागली' शब्द वाचूनच बरं वाटलं.

सत्वात खोट नाही, ते पोटाला हलकं असतं. पण आजी, फडक्यावर जो चोथा राहतो तो तुम्ही काय करता? गाईला घालता ना? नागलीत कॅल्शियम आहे म्हणून आपण ती बाळाला देतो. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम, तांदळा-गव्हापेक्षा कितीतरी पट. त्यातलं बरंचसं तिच्या तांबूस सालीत असतं. वस्त्रगाळ केलं की साल गेली आणि सालीबरोबर कॅल्शियमही गेलं. तळाशी जे पांढरं बसतं तो मुख्यतः स्टार्च. म्हणजे इतक्या कष्टांनंतर बाळाला मिळतं ते गुळगुळीत पिष्ट, आणि गाय मात्र सुदृढ होते.

सुनेचं म्हणणं बरोबर आहे, आणि तीही जुनीच पद्धत आहे. नागली तीन-चार पाण्यांनी धुवा, तिच्यात माती आणि खडे फार असतात. रात्रभर भिजवा, सुती फडक्यात बांधून ठेवा, अधूनमधून पाणी शिंपडा. उन्हाळ्यात एका दिवसात, थंडीत दोन दिवसांत पांढरे बारीक मोड दिसतात. वास आंबूस येऊ लागला किंवा बुरशी दिसली तर ती नागली टाकून द्या, जीव हळहळला तरी. पातळ फडक्याखाली वाळवा, तळहातावर चोळून मोड झाडा, मंद भाजा आणि दळून आणा. पीठ चाळायचंच असेल तर मैद्याच्या चाळणीनं नको, साध्या चाळणीनं चाळा.

मोडाची एक करामत मला बाळासाठीच्या सगळ्या पाककृतींपेक्षा मोलाची वाटते. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज नावाचं एक पाचक द्रव्य तयार होतं, ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी यावर खूप काम केलं. प्रशिक्षणात आम्हाला करून दाखवलं तेव्हा मी थक्क झाले होते. खीर इतकी दाट केली होती की चमचा उभा राहावा. खाली उतरवून जरा कोमट झाल्यावर तिच्यात मोडाचं, न भाजलेलं पीठ चिमूटभर घालून ढवळलं. बघता बघता ती सैल झाली, पाण्याचा थेंब न घालता. मग एक उकळी आणली, कारण मोडाच्या कच्च्या पिठात जंतू असू शकतात. समजलं ना? त्याच वाटीत पीठ दुप्पट, तरी बाळाला गिळायला सोपं. कडक भाजलं की ही ताकद जाते, म्हणून एका छोट्या डबीत न भाजलेलं मोडाचं पीठ वेगळं ठेवा. गव्हाच्या किंवा बाजरीच्या मोडाचंही चालतं.

नागलीच्या खिरीत तूप घाला आणि शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट घाला. नुसती नागली आणि पाणी, तेही गूळ घालून, एवढ्यावर दिवस काढू नका. नागलीत रक्तवाढीचं लोह खूप असतं असं सांगतात, पण ते १०० ग्रॅमला ४-५ मिलिग्रॅम इतकंच आहे. लोहासाठी डाळ, अंडं, पालेभाजी, लिंबू हे सोबत हवंच.

प्रश्न : मीठ, गूळ, मध कधीपासून? अळणी खिमट बाळ थुंकतं.
— एक आत्या, लातूर

उत्तर : मीठ वर्षापर्यंत नको. बाळाला लागणारं सोडियम दुधात आणि धान्यात असतंच, मूत्रपिंडं अजून कोवळी असतात. साखर दोन वर्षांपर्यंत टाळा, आणि गूळ म्हणजे साखरच. काळा, सेंद्रिय, गावचा, कुठलाही असो.

मध मात्र वर्षाच्या आत कणभरही नको, अगदी जन्मल्यावर जिभेवर चाटवायचासुद्धा नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात वाढतात आणि विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, रडणं क्षीण होतं, श्वासापर्यंत जातं. घरच्या पोळ्याचा असो, उकळलेला असो, बीजाणू मरत नाहीत.

बाळ थुंकतं ते अळणीमुळे नाही. चोखायची सवय असलेली जीभ नवा घास बाहेर ढकलते. एखादी चव आपलीशी व्हायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते. आपण तिसऱ्या दिवशी म्हणतो, 'याला भोपळा आवडत नाही.' चवीसाठी जिरं, हिंग, कोथिंबीर, तुपातली लसणाची एक पाकळी, सगळं चालतं.

प्रश्न : आम्ही अलिबागजवळ राहतो, घरात रोज मासळी. नातू सात महिन्यांचा. शेजारी म्हणतात, दोन वर्षांपर्यंत मासे-अंडी दाखवूसुद्धा नका, अंगावर उठतं. सुनेला बाळंतपणात मोरीचं (शार्क माशाचं) कालवण दिलं होतं, तेच थोडं भातात कालवून नातवाला द्यावं का?
— एक आजोबा, रायगड जिल्हा

उत्तर : द्या हो, मासळी जरूर द्या. समुद्र दारात आहे आणि बाळ पेजेवर, असं नको. उशिरा सुरू केलं की ॲलर्जी टळते हा समज आता मागे पडला आहे. २०१५ साली 'लीप' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्यांना ॲलर्जीचा धोका जास्त अशा ६४० बाळांपैकी निम्म्यांना लहानपणीच शेंगदाण्याचे पदार्थ दिले, निम्म्यांना पाच वर्षं टाळायला लावले. टाळलेल्यांमध्येच शेंगदाण्याची ॲलर्जी कितीतरी जास्त निघाली. त्यामुळे अंडं, मासा, शेंगदाणा सहा महिन्यांनंतर सुरू करायला हरकत नाही. एका वेळी एकच नवा पदार्थ, थोडासा, सकाळच्या वेळी, आणि तीन दिवस लक्ष ठेवा. ओठ सुजले, अंगभर पित्त उठलं, धाप लागली, तर लगेच दवाखाना. बाळाला आधीच अंगभर खरूजेसारखा इसब असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा.

मोरी मात्र नको. मोरी, मोठी सुरमई हे दुसरे मासे खाऊन वाढणारे मासे, त्यांच्या अंगात पारा साठतो. बाळाला ओला बोंबील सर्वांत सोयीचा. वाफवला की लोण्यासारखा होतो, मधला काटा अलगद सुटतो. छोटा बांगडाही चांगला, पण काटे दोन बोटांच्या चिमटीत रगडून रगडून काढा, उजेडात बसून. मऊ भातात मासा, चमचाभर नारळाचं दूध, बस्स. मसाल्याचं कालवण आणि मीठ नको. सुकट-सुका बोंबील खारवलेला असू शकतो, तो वर्षानंतर, भिजवून, धुऊन.

अंडं पूर्ण उकडलेलं, पांढरं आणि पिवळं दोन्ही. आधी फक्त पिवळं द्यायचं ही जुनी शिकवण मीही वर्षानुवर्षं दिली, आता देत नाही.

प्रश्न : मी लेकीकडे न्यू जर्सीला आले आहे. नातीला आठवा महिना. लेक तिच्यासमोर उकडलेल्या भाज्यांचे तुकडे ठेवते, ती हातानं उचलून खाते. मधेच ओकारी काढते, तोंड लाल होतं. माझा जीव खालीवर होतो. आम्ही तुम्हाला मांडीवर घेऊन भरवलं, असं म्हटलं तर लेक रागावते.
— एक आजी

उत्तर : ताई, तुमची भीती खरी आहे आणि लेकही चुकत नाही. बाळ स्वतः बसत असेल, मान सावरत असेल, तर हातात घास देणं चांगलं. ओकारी काढणं म्हणजे घशात अडकणं नव्हे. ओकारीत आवाज असतो, खोकला असतो, चेहरा लाल होतो आणि घास पुढे येतो. तेव्हा आपण हात घालायचा नाही, बोटानं घास आत जातो. खरं अडकतं तेव्हा आवाज बंद होतो. बाळ रडूही शकत नाही, ओठ निळसर होतात. अशा वेळी वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच ठोके द्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर एका तळहाताच्या टाचेनं पाच दाब द्या. पुन्हा ठोके, पुन्हा दाब, आणि तोवर दुसऱ्यानं मदतीला फोन लावायचा. दोघींनी मिळून हे एकदा बाहुलीवर करून बघा, तुमच्या जिवाची घालमेल निम्मी कमी होईल.

तुकडा बोटाएवढा लांब आणि दोन बोटांत दाबला की चिरडेल इतका मऊ हवा. कच्चं गाजर, कच्चं सफरचंद, अख्खी द्राक्षं नकोत. अख्खे शेंगदाणे, चणे, फुटाणे पाच वर्षांपर्यंत घरात मुलाच्या हाताला लागू देऊ नका. आपल्याकडे मुलांच्या श्वासनळीतून दुर्बिणीनं ज्या वस्तू काढाव्या लागतात त्यात शेंगदाणा सर्वांत पुढे असतो. माझ्या एका वाडीत दीड वर्षाचं पोर असंच गेलं. बहिणीनं प्रेमानं भाजका दाणा दिला होता. दवाखाना ४० किलोमीटरवर होता.

आणि ताई, नुसत्या तुकड्यांनी पोट भरेलच असं नाही. तुमच्या मांडीवर बसवून चार चमचे मऊ वरणभात तूप घालून भरवा. दोन्ही एका जेवणात चालतं. लेकीला तसं सांगा, ती ऐकेल.

प्रश्न : मुलगा अकरा महिन्यांचा. मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. बायको आणि मी दोघंही थकलो.
— एक बाबा, पिंपरी

उत्तर : मोबाइलसमोर तो खात नाही, त्याच्या तोंडात जातं एवढंच. पोट भरलं की मान फिरवायची, भूक लागली की झेप घ्यायची, ही समज तो जन्मतः घेऊन आला आहे आणि पडदा ती झाकून टाकतो. चार दिवस कठीण जातील, तयारीनं उतरा. जेवणाआधी दोन तास दूध-बिस्किट काही नाही. तुम्ही जेवायला बसाल तेव्हाच त्याला पाटावर बसवा, त्याची वेगळी वाटी, हातात त्याचा चमचा. तो सांडेल, केसांना लावेल. खाली जुनी चादर अंथरा. वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतं घ्या. मान फिरवली तर वाटी उचला, नाक दाबून कधीही भरवू नका. या वयात दिवसातून तीन-चार वेळा, एका वेळी अर्धी ते पाऊण मोठी वाटी, आणि आता घरचंच जेवण : पोळी वरणात भिजवून, उपमा, इडली, भाजी रगडून. तिखट-मीठ घालण्याआधी त्याचं काढून ठेवा.

तुम्ही बाप असून हे पत्र लिहिलंत, मला फार बरं वाटलं. संध्याकाळचं एक जेवण तुम्हीच भरवा.

प्रश्न : ओळखीच्या एक ताई घरी केलेली बाळासाठीची ड्रायफ्रूट पावडर विकतात, पाव किलोला ६०० रुपये. बदाम, काजू, पिस्ते, खारीक, जायफळ. घ्यावी का?
— एक आई, अहिल्यानगर

उत्तर : नको गं. पैसे असतील तर अंडी आण. बदामापेक्षा शेंगदाण्यात प्रथिनं थोडी जास्तच असतात, दर मात्र कितीतरी कमी. ताजे दाणे निवड. काळपट, सुरकुतलेला, कडू दाणा फेकून दे, त्यात बुरशीचं विष असू शकतं. भाजून सोल आणि कूट पिठासारखं बारीक कर. खिमटात चहाचा चमचाभर पुरतं. पावडरीत पाच सुकामेवे एकत्र असले तर एखाद्याची ॲलर्जी आली तरी कशाची ते कळत नाही. आणि जायफळ रोज द्यायची गोष्ट नाही. बाळ गुंगून झोपतं म्हणून आयांना ते आवडतं, पण प्रमाण चुकलं की ते बाधतं.

प्रश्न : २६ आठवड्यांची रजा संपून पुढच्या सोमवारी कामावर रुजू होतेय. बाळ पाळणाघरात जाईल. सकाळी साडेआठ ते सहा. डबा काय देऊ? दुधासाठी बाटली घ्यावीच लागेल ना?
— एक आई, नाशिक

उत्तर : बाटली घेऊ नकोस. तिच्या बुचात आणि खाचेत जंतू बसतात, ती नीट उकळणं पाळणाघरात कुणाला जमत नाही. काढलेलं दूध स्टीलच्या वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजता येतं. पुढच्या सोमवारपर्यंत आठ दिवस आहेत, पाळणाघरातल्या मावशींना दोनदा घरी बोलाव आणि तुझ्यासमोर त्यांना पाजू दे. दूध हात धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या डबीत काढ. बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चोवीस तास. गॅसवर तापवायचं नाही, डबी कोमट पाण्यात ठेवायची.

डब्यात पहिले पंधरा दिवस एकच खिमट, तेही कोरडं. रव्याची पुडी, तुपाची छोटी डबी. मावशी तिथे गरम शिजवून देतील का ते आधी ठरवून घे. शिजवलेलं सकाळी नेऊन दुपारी देणं मला पसंत नाही. मऊ भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिला की त्यात जंतू वाढतात आणि काही जंतूंचं विष पुन्हा गरम केलं तरी जात नाही. शिजवायची सोयच नसेल तर केळं दे, सालीसकट, तिथेच सोलून कुस्करायचं. निसर्गानं त्याचा डबा बंद करूनच दिला आहे. उकडलेलं रताळं फ्रिजमध्ये ठेवून जेवणाआधी चांगलं वाफवून घेतलं तर तेही चालेल.

सकाळी निघताना आणि संध्याकाळी आल्या आल्या अंगावर पाज, रात्री मागेल तेव्हा पाज. तुझं स्वतःचं पाणी आणि जेवण चुकवू नकोस. बाळाला पाळणाघरात जुलाब लागले तर घरचं खाणं बंद करायचं नाही, दूध आणि खिमट चालू ठेवून ओआरएस दे आणि दवाखान्यात ने. सहा महिन्यांपुढच्या बाळाला जुलाबात झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस देतात, तीही विचार. जुलाब थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं. गेलेलं वजन त्याच दिवसांत भरून येतं.

सोमवारी निघायच्या आधी मावशींच्या हातात वाटी दे आणि तो चमचा तिरपा करून दाखव.